लेबलवर २२, झाडावर किती?

पावसाळ्यातला रविवार. धबधब्याच्या माथ्यावर तुम्ही रांगेत उभे आहात. हेल्मेट चढवलंय, हार्नेस आवळलाय, आधी उतरलेला मित्र खालून ओरडतोय, "एकदम भारी आहे, ये!" इन्स्ट्रक्टर तुमच्या कॅरॅबिनरमध्ये दोर अडकवतो आणि सांगतो, "मागे झुका, पाय फाकवा, घाबरू नका." तुम्ही झुकता. त्या क्षणी तुमचं सगळं वजन दोरावर गेलं. पण तो दोर कशाला बांधलाय?

मान वळवलीत तर मागे एक झाड दिसेल आणि त्याच्या बुंध्याभोवती इंचभर रुंदीची एक नायलॉनची पट्टी. बॅगेच्या पट्ट्यासारखी दिसणारी. तिला म्हणतात वेबिंग. डोंगरातली मंडळी नुसतं 'टेप' म्हणतात. झाड, टेप, गाठ आणि कॅरॅबिनर हे सगळं मिळून होतो अँकर. रॅपलिंग असो, व्हॅली क्रॉसिंग असो की दरीत अडकलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून वर काढणं असो, सगळा डोलारा या अँकरवर उभा असतो. म्हणूनच जगभरातली बचाव पथकं असे अँकर मुद्दाम बांधतात आणि मशीन लावून मुद्दाम तोडतात. तोडून त्यांना काय कळतं, ते तुम्हालाही ठाऊक असायला हवं. कारण पुढच्या रविवारी त्या टेपवर तुम्ही लटकणार आहात.

आकडा वाचायचा कसा?

शिवलेल्या स्लिंगच्या लेबलवर '२२ केएन' असं लिहिलेलं असतं. केएन म्हणजे किलोन्यूटन. फिजिक्स विसरला असाल तर सोपा हिशेब: १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलो वजनाचा भार. म्हणजे २२ किलोन्यूटन झाले सव्वादोन टनांच्या आसपास. दोन छोट्या गाड्या टांगल्या तरी चालतील! स्लिंगसाठीच्या युरोपियन मानकात, म्हणजे ईएन ५६६ मध्ये, किमान ताकद एवढीच मागितली आहे.

मीटरवर विकत मिळणाऱ्या टेपवर असं लेबल नसतं. पण युरोपियन मानकाच्या टेपवर वेगळ्या रंगाचे धागे लांबीच्या दिशेने विणलेले दिसतील. ती नक्षी नाही बरं का! एक धागा म्हणजे ५ किलोन्यूटन. तीन धागे दिसले तर ती टेप किमान १५ किलोन्यूटनची. अमेरिकन लष्करी मानकाची एक इंची नळीदार नायलॉन टेप जगभर बचावकामात वापरली जाते. तिची ताकद ४००० पौंड, म्हणजे जवळपास १८ किलोन्यूटन.

एवढं वाचून वाटेल, चला, काळजी मिटली. मी सत्तर किलोचा, टेप अठराशे किलोची.

इथेच गफलत होते. तो आकडा टेपचा आहे, अँकरचा नाही. प्रयोगशाळेत ती टेप नवी असते, कोरडी असते, गुळगुळीत पोलादी पिनांवरून सरळ रेषेत ओढलेली असते. तुमच्या मागच्या झाडाभोवती ती ओली आहे, वाकलेली आहे, खडबडीत सालीवर घासते आहे आणि मुख्य म्हणजे तिला गाठ मारलेली आहे.

गाठ मारली, ताकद घटली

टेपची दोन टोकं जोडायला सगळ्यात जास्त वापरली जाते ती वॉटर नॉट, म्हणजेच टेप नॉट. एका टोकाला साधी गाठ मारायची, दुसरं टोक उलट बाजूने तिच्याच वाटेने परत फिरवायचं. शिकायला दोन मिनिटं लागतात. पण गाठीत टेप तीव्र वळणं घेते. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे धागे जास्त ताणले जातात, आतले कमी. भार सगळ्यांत सारखा वाटला जात नाही आणि जास्त ताणलेले धागे आधी तुटतात. चाचण्यांमध्ये या गाठीमुळे टेपची ताकद ३० ते ४० टक्क्यांनी घटलेली दिसते.

आता गणित करून बघा. १८ किलोन्यूटनची टेप, गाठीपाशी उरले साधारण साडेअकरा. पण टेपचं गोल कडं केलं की भार दोन पदरांत अर्धा अर्धा वाटला जातो. गाठ असलेल्या पदरावर साडेअकरा येतील तेव्हा दुसऱ्यावरही तेवढेच असतील. म्हणजे कडं तुटणार २३ च्या आसपास. वाईट नाही.

वॉटर नॉटची दुसरी खोड मात्र या गणितात दिसत नाही. ती हळूहळू सरकते. बचाव पथकातल्या लोकांनी ही गाठ मशीनवर लावून थोडा भार द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा, असं शेकडो वेळा केलं. भार माणसाच्या वजनाएवढाच, तोडण्याइतका नव्हेच. तरी प्रत्येक फेरीत गाठीबाहेरचं शेपूट किंचित आत ओढलं जात होतं. पुरेशा फेऱ्या झाल्या की शेपूट संपतं आणि गाठ सुटते. टेप न तुटता!

आता आठवा, रविवारच्या त्या रॅपलिंगला किती लोक उतरतात? प्रत्येकाच्या वेळी ताण येतो, जातो, पुन्हा येतो. म्हणून गाठ आधी अंगाचं वजन टाकून घट्ट करायची, शेपटं किमान चार बोटं बाहेर ठेवायची आणि दिवसभरात पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. हा कुणाच्या भित्रेपणाचा नियम नाही, मशीनवर दिसलेल्या गोष्टीतून आलेला नियम आहे.

आणि एक. डायनिमाची पांढुरकी, बारीक स्लिंग बघितली असेल. ती नायलॉनपेक्षा खूप ताकदवान, पण तितकीच निसरडी. तिला वॉटर नॉट मारायची नसते. ती कारखान्यातून शिवूनच येते. शिवाय ती १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर नायलॉन २०० च्या बरंच पुढे. घर्षण जिथे होणार, तिथे हा फरक जिवावर बेततो.

झाडाला तीन वेढे

गाठीवर उपाय काय? गाठीवर भारच येऊ द्यायचा नाही. बचाव पथकांचा आवडता अँकर नेमका हेच करतो. टेप झाडाभोवती तीन वेळा गुंडाळायची, टोकं वॉटर नॉटने जोडायची. मग ज्या वेढ्यात गाठ आहे तो खोडाला चिकटून राहू द्यायचा आणि उरलेले दोन वेढे पुढे ओढून कॅरॅबिनरमध्ये अडकवायचे. 'तीन गुंडाळा, दोन ओढा', एवढंच.

जमतं कसं? भार येतो तसे वेढे खोडावर आवळले जातात. टेप आणि साल यांच्यातलं घर्षण ताण खाऊन टाकतं आणि गाठीपर्यंत फार थोडा ताण पोचतो. विहिरीच्या काठावर दोर खांबाला दोन-तीन वेढे देऊन एका हाताने जड हंडा तोलून धरणारं कुणी पाहिलं असेल, तर ही गोष्ट तुम्हाला आधीच माहीत आहे. असा अँकर मशीनवर तोडला तर तो बहुतेक वेळा गाठीत तुटत नाही. टेप जिथे कॅरॅबिनरवरून वळते तिथे तुटते. दोर काढल्यावर कधी कधी ती गाठ हाताने सहज सोडवता येते.

याउलट टेपचं कडं झाडाभोवती घेऊन स्वतःतूनच ओवलं, म्हणजे गर्थ हिच केलं, तर ती दिसते सुटसुटीत, पण टेप स्वतःलाच करकचून चावते आणि ताकद बरीच घटते. टेप तीच, झाड तेच. बांधण्याची पद्धत बदलली की अँकरचा आकडा बदलला.

कागदावर हिशेब केला तर दोन वेढे म्हणजे चार पदर, चार गुणिले १८ म्हणजे ७२ किलोन्यूटन! पण प्रत्यक्षात आकडा त्याच्या बराच खाली येतो. पदर सारखे ताणलेले नसतात, कॅरॅबिनरच्या अरुंद वळणात टेप गोळा होऊन एकमेकींवर चढते. गुणाकार किती खोटा ठरला, हे तोडून बघितल्याशिवाय कळत नाही.

तोडतात कसे?

कल्पना तशी सोपी आहे. एका टोकाला भक्कम खांब, दुसऱ्या टोकाला हायड्रॉलिक जॅक, मध्ये अँकर आणि ताण मोजणारा लोड सेल. हळूहळू ओढत जायचं. नायलॉन आधी लांबतं, मग गाठ आवळताना चर्रर्र आवाज येतो आणि मग धाडकन तुटतं. लोड सेलवर सर्वोच्च आकडा अडकून राहतो, तो लिहून घ्यायचा. त्याच्यापुढे लिहायची जास्त महत्त्वाची गोष्ट: तुटलं कुठे? गाठीत, कडेवर, शिलाईत की कॅरॅबिनरपाशी? आकडा सांगतो किती, जागा सांगते का.

ही झाली सावकाश ओढण्याची चाचणी. दुसरी असते पाडण्याची. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या बचावतज्ज्ञांच्या मंडळाने १९८० च्या दशकात यासाठी एक कसोटी घालून दिली. २०० किलोचं वजन, ३ मीटर दोर, १ मीटर पडझड. सुरक्षादोराच्या व्यवस्थेने ते वजन आणखी १ मीटरच्या आत थांबवलं पाहिजे आणि धक्का १५ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. वजन २०० किलोच का? एक जखमी, एक बचाव करणारा आणि दोघांचं सामान.

बघा, २०० किलो म्हणजे नुसतं टांगलं तर जेमतेम २ किलोन्यूटन. पण मीटरभर पडलं की तोच भार कितीतरी पटींनी वाढू शकतो. म्हणूनच पथकं टांगलेल्या भाराच्या किमान दहापट ताकद धरून चालतात. २ चे २०. आता मघाचं ते एकेरी कडं आठवा, २३ किलोन्यूटनचं. ओलं झालं की नायलॉन आणखी दहा-पंधरा टक्के ताकद गमावतं. २३ चे २० झाले. पावसाळी दरीत त्या एका कड्याकडे चुकीला जागाच उरली नाही.

आपल्याकडे हे काम करतं कोण, तेही लक्षात घ्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा भर पावसात दोर लावून खाली उतरणाऱ्यांमध्ये स्थानिक ट्रेकर्स होते. सह्याद्रीत असे फोन आले की नोकरी, दुकान, कॉलेज सोडून धावणारी बरीच मंडळी स्वयंसेवक असतात. त्यांच्या दोराला दोन जीव असतात. तिथे 'चालून जाईल' चालत नाही.

सरासरीच्या नादी लागू नका

समजा दोन क्लबनी आपापल्या पद्धतीचे पाच-पाच अँकर तोडले. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.) पहिल्याचे निकाल: २३, २५, २४, २१, २२ किलोन्यूटन. दुसऱ्याचे: ३०, १७, २६, १९, २८. कुठल्या अँकरवर लटकाल?

सरासरी काढली तर पहिल्याची २३, दुसऱ्याची २४. दुसरा जिंकला? थांबा. तुम्ही लटकणार आहात ते सरासरीवर नाही, एका अँकरवर. तो ३० वाला निघेल की १७ वाला, कुणी सांगावं!

म्हणून अनेक उत्पादक 'थ्री सिग्मा' पद्धत वापरतात. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात स्टँडर्ड डेव्हिएशन काढताना 'याचा आयुष्यात उपयोग काय' म्हणाला असाल, तर हा घ्या उपयोग. सरासरीतून स्टँडर्ड डेव्हिएशनची तिप्पट वजा करायची आणि उरेल तोच आकडा लेबलवर छापायचा. पहिल्या क्लबचं डेव्हिएशन साधारण १.६, २३ मधून ४.७ गेले, उरले १८. दुसऱ्याचं ५.७, २४ मधून १७ गेले, उरले फक्त ७! सरासरी जास्त, पण भरवसा निम्म्याहून कमी.

चांगला अँकर म्हणजे एकदा भारी आकडा देणारा नव्हे, दर वेळी जवळपास तोच आकडा देणारा. आणि तो दर वेळी तसाच बांधला गेला, तरच हे शक्य आहे.

भार कोण ठरवतं? भूमिती

ताकद किती, हे झालं. आता भार किती येतो तेही बघू. दोन झाडांना टेप लावून मध्ये दोर अडकवला, तर वाटतं भार अर्धा अर्धा वाटला गेला. ते दोन टेपमधल्या कोनावर अवलंबून आहे. कोन ६० अंश असेल तर प्रत्येक झाडावर भाराच्या ५८ टक्के येतात. १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के! १५० ला जवळपास दुप्पट. झाडं दोन, पण फायदा शून्य, उलट तोटाच.

व्हॅली क्रॉसिंगला तर हे फारच जाणवतं. ५० मीटरचा दोर, मधोमध ८० किलोचा माणूस. दोराला ५ मीटर झोळ पडला तर प्रत्येक टोकाच्या अँकरवर साधारण २ किलोन्यूटन. 'दोर ढिला वाटतोय' म्हणून चार जणांनी ओढून झोळ अडीच मीटरवर आणला की तोच भार ४ च्या घरात. माणूस तोच, दोर तोच, फक्त ताणला जास्त. तेव्हा झोळ बघून नाकं मुरडू नका, तो तुमच्या बाजूने आहे.

नवी टेप, जुनी टेप

चाचणीत तुटलेली टेप पुन्हा वापरता येत नाही आणि तुम्ही वापरणार ती टेप तोडून बघता येत नाही. ही या चाचणीची मर्यादा आहे. नव्या तुकड्याचा आकडा जुन्या तुकड्याला लागू होत नाही.

टॉड स्किनर हा अमेरिकेतला नावाजलेला क्लायंबर. २३ ऑक्टोबर २००६ ला योसेमिटीतल्या लीनिंग टॉवर या कड्यावरून दोराने उतरत असताना त्याच्या हार्नेसचं पुढचं कडं तुटलं आणि तो गेला. ते कडं म्हणजे शिवलेली टेपच. नवा हार्नेस १५ किलोन्यूटनच्या कसोटीला उतरावा लागतो. स्किनरच्या कड्यावर त्या वेळी होतं साधारण त्याचं स्वतःचं वजन. पण ते कडं बरंच झिजलं होतं. चूक नवशिक्याची नव्हती. वर्षानुवर्षं कड्यांवर राहिलेल्या माणसाची टेप होती ती.

टेपला मारणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. ऊन, ज्याने रंग उडतो आणि धागा कडक होतो. बेसाल्टची धारदार कड, जी ताणलेली टेप सुरीसारखी कापते. म्हणून खाली पोत्याचं तुकडं नाहीतर जुना होजपाइप घालायचा. बॅटरीतलं ॲसिड, जे नायलॉन कुरतडतं आणि वरून दिसतही नाही. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी दोर-टेप टाकणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. आणि धावता दोर. स्थिर टेपवरून नायलॉनचा दोर सरसर धावला तर घर्षणाने टेप एकाच जागी वितळून तुटते. म्हणून दोर टेपमधून थेट कधीच ओवत नाहीत. मध्ये कॅरॅबिनर हवाच. आणि एकदाही न वापरलेली टेप कपाटात पडून असली, तरी उत्पादक साधारण दहा वर्षांची मर्यादा घालतात.

कॉलेजात करून बघा

इंजिनिअरिंगला असाल तर तुमच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये यूटीएम मशीन असेल. त्यावर सळ्या तोडल्या असतील. टेप तोडून बघा. हायकिंग क्लबची बाद झालेली टेप गोळा करा, तिच्याच जातीची नवी टेप आणा. प्रत्येकीचे पाच तुकडे, काही सरळ, काही वॉटर नॉटचे. मशीनच्या जबड्यात टेप थेट धरू नका, जबडाच तिला कापेल. गोल पिनवरून घ्या. मशीन सळ्यांसाठी असतं, म्हणून लहान भाराची रेंज निवडा. नायलॉन तुटण्याआधी चांगलंच लांबतं, म्हणून तुकडे आखूड ठेवा. आणि प्राध्यापक सोबत असल्याशिवाय, मध्ये जाळी लावल्याशिवाय हात लावू नका. तुटलेली टेप आणि तिच्या टोकाचं लोखंड चाबकासारखं उलटतं. सरासरी, डेव्हिएशन, तुटण्याची जागा, तिन्ही लिहा. प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? हा घ्या.

इंजिनिअरिंगला नसाल तरी हरकत नाही. पुढच्या रविवारी झुकण्याआधी दोन मिनिटं मागे जा आणि बघा. झाड जिवंत आणि जाडजूड आहे का? अँकर एकच आहे की त्याला दुसऱ्या अँकरची साथ आहे? गाठीची शेपटं लांब आहेत का? टेप कडेवर घासतेय का, रंग उडालाय का? मग विचारा, "दादा, ही टेप कधीची? गाठ शेवटची कधी बघितली?" कामाचा इन्स्ट्रक्टर चिडणार नाही; उलट तुम्हाला हात धरून अँकरपाशी नेईल आणि दाखवेल. आणि तो चिडलाच, तर हार्नेस काढून ठेवा, खाली जाऊन भजी खा. धबधबा पुढच्या रविवारीही तिथेच असेल.